टाइल्सवरचा पांढरा पट्टा

स्विमिंग पूलच्या टाइल्सवर पाण्याच्या पातळीला पांढरा पट्टा दिसला की आपण म्हणतो, "काय घाण आहे!" पण मित्रांनो, ती घाण नाही, ते क्षार आहेत. साबणाने कितीही घासा, निघत नाहीत. पाण्याची वाफ होते आणि कॅल्शियम मागे उरतं. त्यात बोअरचं जड पाणी आणि ७.८ च्या वर पीएच असेल, तर थर भराभर चढतो.

आधी ओळख पटवावी. थरावर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचे दोन थेंब टाकले आणि लगेच फसफसलं, तर समजा कॅल्शियम कार्बोनेट. फारसं काही झालं नाही आणि थर करडा, टणक असेल, तर बहुधा सिलिकेट. त्याला चिकाटी लागते.

कार्बोनेट काढायला पाणी वीतभर उतरवावं, व्हिनेगर लावून थोडा वेळ थांबावं आणि ब्रशने घासावं. एवढ्याने भागतं. तरीही तीव्र ॲसिड वापरायचंच असेल, तर ॲसिड पाण्यात ओतावं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही.

आणि ॲसिडजवळ ब्लीचिंग पावडर मुळीच नको! दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली ईप्रच्या लढाईत सैनिकांवर सोडला होता तोच हा वायू. हॉस्टेलच्या बाथरूमलाही हाच नियम लागू आहे. म्हणून मला वाटतं, साफसफाई करणाऱ्या मामा-मावशींना ग्लोव्ह्ज आणि गॉगल देणं ही चैन नव्हे. पट्टा राहिला तरी चालेल, त्यांचे डोळे सांभाळले पाहिजेत.