मदतीच्या पाकिटावरील चेहरे

आपत्तीत शासनाकडून मिळणारी मदत हा उपकार नव्हे. शासनाच्या तिजोरीतील पैसा जनतेचाच असल्याने तो संकटग्रस्ताचा हक्क आहे. परंतु निवडणूक जवळ आली की या हक्काला उपकाराचे रूप देण्याचा मोह सत्तेला आवरत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा व पंचगंगेच्या महापुराने सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांना वेढले. विधानसभेची निवडणूक ऑक्टोबरमध्ये होती. त्या दिवसांत पूरग्रस्तांसाठीच्या १० किलो गहू-तांदळाच्या काही पाकिटांवर मुख्यमंत्री व स्थानिक आमदार यांची छायाचित्रे झळकली आणि त्यावर मोठी टीका झाली. धान्य सरकारी, चेहरे मात्र मते मागणाऱ्यांचे!

हा दोष एका पक्षाचा वा एका देशाचा नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांना निवडणुकीच्या दृष्टीने महत्त्वाच्या वाटणाऱ्या राज्यांत आपत्ती अधिक वेळा जाहीर होते, असे थॉमस गॅरेट आणि रसेल सोबेल या अर्थशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये दाखवून दिले.

मतदारही यात निर्दोष नाही. अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा यांच्या २००९ च्या अभ्यासानुसार, अमेरिकी मतदार आपत्तीनंतरच्या मदतीची पावती मतांतून देतात, पूर्वतयारीवरील खर्चाची मात्र देत नाहीत. वस्तुतः पूर्वतयारीवरील १ डॉलर पुढील काळात सुमारे १५ डॉलरांची हानी टाळतो, असा त्यांचाच हिशेब आहे. आयुष्यभर बँकेत जमाखर्च पाहिलेल्या माझ्यासारख्याला हा व्यवहार आतबट्ट्याचा वाटतो. जे दिसते त्याला मत मिळते, म्हणून जे दिसत नाही ते काम मागे पडते.

तथापि निवडणुकीचा धाक सर्वस्वी वाईट नाही. भारतात ज्या राज्यांत वृत्तपत्रांचा खप अधिक, तेथील सरकारे पीकहानी आणि पुराच्या वेळी अधिक तत्परतेने मदत करतात, असे टिमोथी बेस्ली व रॉबिन बर्जेस यांना आढळले. म्हणजे धाक हवाच. पण तो माहीतगार मतदाराचा हवा.

जुलै २०२१ मध्ये सांगली-कोल्हापूरला पुन्हा महापुराने गाठले. म्हणून मत मागायला येणाऱ्यास आपण दोन प्रश्न अवश्य विचारावेत. मदत कोणत्या निकषांवर दिली आणि लाभार्थ्यांची यादी गावात सर्वांना पाहता येईल अशी लावली का? पूररेषेतील बांधकामे रोखण्यासाठी पाऊस येण्यापूर्वी काय केले? पाकिटावरचा चेहरा पाहून नव्हे, तर या उत्तरांवरून मत ठरू लागेल, तेव्हा मदत गरजूंपर्यंत हक्क म्हणून पोहोचेल.