पाळण्याच्या रांगेत लागलं, तर दाद कुणाकडे मागायची?

संक्रांत जवळ आली की सोलापुरातल्या घराघरांत मुलांचा एकच धोशा सुरू होतो, "आई, गड्ड्याला कधी जायचं?" सिद्धेश्वरांच्या यात्रेतले नंदीध्वज पाहून झाले की पावलं वळतात ती होम मैदानावरच्या पाळण्यांकडे. पाळण्यात बसताना 'घट्ट धर' म्हणून आपण मुलांना दहादा बजावतो. पण तिकीट काढल्यापासून पाळण्याशी पोचेपर्यंतच्या रांगेचं काय?

दोन वर्षांमागे एका गावच्या जत्रेत माझ्या भाचीला लागलं ते या रांगेतच. पाळणा थांबला, उतरणारे नि चढणारे एकाच फटीतून घुसले, मागून रेटा आला आणि पोर लोखंडी कठड्यावर आपटली. हनुवटीला चार टाके! पाळणेवाला म्हणाला, "बाई, माझ्या पाळण्यात कुठं लागलंय? गर्दीनं ढकललं, मी काय करू?" आमच्या वन्सं गप्पच बसल्या. निम्म्या बायका इथंच गप्प बसतात, बरं का.

पण मैत्रिणींनो, तिकिटाचे पैसे दिले की आपण ग्राहक झालो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सेवा देणाऱ्याच्या निष्काळजीपणाने ग्राहकाला इजा झाली, तर तीही सेवेतली उणीवच. जत्रेत गर्दी होणार हे पाळणेवाल्याला ठाऊक नसतं का? तिच्या जिवावर तर तो चार पैसे मिळवतो! मग चढायची नि उतरायची वाट वेगळी ठेवणं, फाटकाशी माणूस उभा करणं हे त्याचंच काम. ते केलं नाही हे मात्र आपल्याला दाखवून द्यावं लागतं. आपलाच चिरंजीव कठडा ओलांडून पळाला असेल, तर दोषाचा वाटा आपल्याकडेही येतो. आणि तिकिटामागे 'अपघातास मालक जबाबदार नाही' असं छापलं असलं, तरी तेवढ्याने त्याची सुटका होते असं समजू नका.

तक्रार करायची जिल्हा ग्राहक आयोगाकडे, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. अपघात परगावी झाला असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. वकील द्यायलाच हवा असं नाही. फी भरपाईच्या रकमेवर नसते, आपण मोजलेल्या किमतीवर असते. पाच लाखांपर्यंत काहीच नाही. पाळण्याचं तिकीट ते कितीचं असणार! मालकाबरोबर जागा देणाऱ्या आयोजकांचं नावही तक्रारीत घालता येतं.

म्हणून तिकिटाचा तो चिटोरा चुरगळून टाकू नका. रांगेचा, कठड्याचा फोटो तिथल्या तिथे काढा, शेजारच्या दोघींचे फोन नंबर घ्या. दवाखान्यात 'पडली' एवढंच न सांगता कुठं नि कशी ते कागदावर लिहून घ्या. आम्ही नेमकं हेच केलं नाही.

पंढरपुरात दर्शनाच्या फुकट रांगेत तिकीटच नसतं, तेव्हा ग्राहक म्हणून सहसा जाता येत नाही. पण व्यवस्था पाहणाऱ्यांची काळजी घेण्याची जबाबदारी तिथंही उरतेच, फक्त वाट दिवाणी कोर्टाची. 25 जानेवारी 2005 ला वाईजवळच्या मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन तीनशेच्या आसपास माणसं गेली, हे विसरून कसं चालेल? कुणाच्या निष्काळजीपणाने जीव गेला, तर आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली फौजदारी गुन्हाही होतो. त्यासाठी आधी पोलीस ठाणं गाठायचं.