पुंगळी अडकली म्हणजे पिस्तूल निकामी?

गोळी सुटते, पण रिकामी पुंगळी बाहेर पडत नाही. परवान्यावरचं .३२ बोअरचं जुनं पिस्तूल वापरणाऱ्यांना हा प्रकार चांगला ठाऊक असतो. मग ज्याच्या त्याच्याकडून सल्ले मिळतात, आणि त्यातले काही थेट जिवावर बेतू शकतात. खरं तर पुंगळी नेमकी कुठे अडकली, हे पाहिलं की दोषाचा माग लागतो.

गैरसमज : पुंगळी अडकली, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर गेला.
वस्तुस्थिती : एक्स्ट्रॅक्टरची आकडी पुंगळीची कडा धरून ठेवते, इजेक्टर तिला ठोकर देऊन बाहेर उडवतो. .३२ ची बहुतेक जुनी पिस्तुलं ‘ब्लोबॅक’ पद्धतीची असतात. त्यांत जळालेल्या दारूच्या वायूचा दाबच पुंगळीला मागे रेटतो. म्हणून पुंगळी चेंबरमध्येच घट्ट बसली असेल, तर आकडीइतकाच चेंबरमधल्या काजळीचा आणि गंजाचा संशय घ्यावा. मागे येऊन ती स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या, खिडकीत उभी अडकत असेल, तर झिजलेला इजेक्टर, सैल आकडी किंवा पूर्ण मागे न जाणारी स्लाइड, यांपैकी काहीतरी आहे. ब्राउनिंग धाटणीच्या काही जुन्या पिस्तुलांत फायरिंग पिनचं टोकच इजेक्टरचं काम करतं. तिथे वेगळा इजेक्टर शोधून सापडणार नाही.

गैरसमज : भरपूर तेल दिलं की सगळं सुरळीत.
वस्तुस्थिती : मुंबईतल्या वर्सोव्याच्या खाऱ्या हवेत खिडकीच्या ग्रिललाही गंज चढतो, मग पोलादी चेंबर कसा सुटेल? पण उपाय तेलाचा पूर नव्हे. जादा तेल काजळी धरून ठेवतं आणि तिचा चिकट थर बनतो. स्लाइडच्या खाचांना तेलाचा पातळ हात पुरे. चेंबर स्वच्छ आणि कोरडा हवा. पिस्तूल चामडी म्यानात ठेवून देऊ नये, कारण चामडं ओल धरतं.

गैरसमज : स्लाइडची जुनी स्प्रिंग काढून कडक बसवावी.
वस्तुस्थिती : स्प्रिंग गरजेपेक्षा कडक झाली, तर स्लाइड पुरेशी मागे जात नाही आणि पुंगळी इजेक्टरवर जोरात आदळतच नाही. फार सैल असेल, तर स्लाइड दर गोळीला फ्रेमवर आपटते. मूळ ताकदीचीच स्प्रिंग हवी.

गैरसमज : दोष पिस्तुलाचाच असतो.
वस्तुस्थिती : मनगट ढिलं राहिलं, तर स्लाइडला मागे जायला भक्कम आधार मिळत नाही. वर्षानुवर्षं कपाटात पडलेली काडतुसं कमजोर होऊ शकतात. रेंजवर आधी नवी काडतुसं, मग दुसरं मॅगझिन, मग दुसरा अनुभवी हात, असा एका वेळी एकच बदल करून पाहावा. मात्र आवाज दबका आला, तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि पुढच्या गोळीने नळी फुटू शकते.

गैरसमज : झटकन स्लाइड ओढून पुंगळी काढतो तोच खरा नेमबाज.
वस्तुस्थिती : कोल्हापूरच्या नेमबाज राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं, त्यात पुंगळी न निघणं हा नियमाने मान्य असलेला बिघाड आहे. पण अधिकाऱ्याने तपासण्याआधी नेमबाजाने यंत्रणेला हात लावला, तर तो दावा बाद होतो. सरावातही नळी लक्ष्याच्या दिशेनेच ठेवावी, बोट ट्रिगरवरून काढावं आणि रेंज अधिकाऱ्याला बोलवावं. ट्रिगर ओढूनही गोळी सुटली नाही, तर किमान ३० सेकंद तसंच थांबावं. काही वेळा ती उशिरा सुटते.

गैरसमज : पिस्तूल आपलं, कानसही आपली.
वस्तुस्थिती : साफसफाई मालकाने करावी, दुरुस्तीचं काम परवानाधारक कारागिराचं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो. पिस्तूल ‘आपलं’ म्हणायलाही परवाना लागतोच : वारशात पिस्तूल आलं, तरी त्यासोबत परवाना येत नाही. स्वतःच्या नावावर परवाना नसेल, तर ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं.

कारागिराकडे जाताना काडतूस कोणतं होतं, मॅगझिन कोणतं होतं, कितव्या गोळीला आणि कुठे पुंगळी अडकली, हे लिहून न्या. आकडीच्या ओरखड्यांसह त्या पुंगळ्याही दाखवा. त्यावरून त्याला कळेल की भाग बदलायचा, की नुसता चेंबर साफ करायचा.