कॉम्प्युटरवर चालणारी डिस्क प्लेअरमध्ये 'नो डिस्क' का दाखवते? समजून घ्या आरडब्ल्यूचं गणित

बारसं, लग्न, शाळेचं गॅदरिंग अशा कार्यक्रमांचं शूटिंग असलेल्या डिस्क आजही अनेक घरांत कपाटात पडून आहेत. कधीतरी त्यातली एक बाहेर निघते, डीव्हीडी प्लेअरमध्ये टाकली जाते आणि टीव्हीवर अक्षरं येतात, 'नो डिस्क'. तीच डिस्क कॉम्प्युटरवर मात्र व्यवस्थित चालते.

कधी याच्या उलट होतं. कॉम्प्युटर सांगतो की डिस्क रिकामी आहे आणि ती कशी वापरायची, असं विचारतो. इथे घाईघाईत 'ओके' दाबलं तर शूटिंग कायमचं जाऊ शकतं.

अशा वेळी डिस्क खराब झाली असं समजून ती फेकून दिली जाते. पण दोष दरवेळी डिस्कचा नसतो. डिस्कवर 'आरडब्ल्यू' ही अक्षरं असतील, तर आधी पुढच्या गोष्टी माहीत करून घ्या.

आरडब्ल्यू डिस्क वेगळी कशी?

दुकानात विकत मिळणारी गाण्यांची किंवा सिनेमाची डिस्क कारखान्यात साच्यातून काढलेली असते. तिच्यावर सूक्ष्म खड्डे असतात. प्लेअरचा लेझर त्यावर पडतो आणि परत येणाऱ्या प्रकाशातल्या फरकावरून माहिती वाचली जाते.

घरी एकदाच 'राइट' करता येणाऱ्या 'आर' डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो. लेझरच्या उष्णतेने त्यावर कायमच्या खुणा उमटतात.

'आरडब्ल्यू' डिस्कमध्ये रंगद्रव्याऐवजी मिश्रधातूचा थर असतो. सीडी-आरडब्ल्यूमध्ये साधारणपणे चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचा मिश्रधातू वापरतात. लेझरने तो वितळवून झटकन थंड होऊ दिला की त्या जागेची चमक कमी होते. वितळणार नाही इतपतच तापवला की त्याची स्फटिकासारखी रचना परत येते आणि चमकही परतते. म्हणूनच ही डिस्क पुसून पुन्हा वापरता येते. सीडी-आरडब्ल्यू, डीव्हीडी-आरडब्ल्यू आणि डीव्हीडी+आरडब्ल्यू साधारण १,००० वेळा पुन्हा लिहिता येतात, असं मानलं जातं.

मग प्लेअरला ती दिसत का नाही?

मुख्य कारण आहे चमक. कारखान्यात तयार झालेली सीडी लेझरचा किमान ७० टक्के प्रकाश परत पाठवते. सीडी-आरडब्ल्यू पाठवते फक्त १५ ते २५ टक्के.

ऑडिओ सीडी बाजारात आली १९८२ मध्ये आणि सीडी-आरडब्ल्यू आली १९९७ मध्ये. मधल्या काळातले बहुतेक सीडी प्लेअर चकचकीत सीडीच वाचण्यासाठी बनवलेले होते. इतका मंद प्रकाश परत आला की त्यांच्या लेखी ट्रेमध्ये डिस्कच नसते. मंद सिग्नल वाढवून घेण्याची सोय पुढच्या काळातल्या यंत्रांत आली. १९९७ मध्येच 'मल्टीरीड' नावाचं मानक ठरलं. त्यामुळे कॉम्प्युटरचे ड्राइव्ह लवकर सुधारले. घरातले आणि गाडीतले प्लेअर मात्र वर्षानुवर्षं तेच राहिले.

डीव्हीडीच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. डीव्हीडी-आरडब्ल्यूची चमक दोन थरांच्या डीव्हीडीइतकीच, म्हणजे १८ ते ३० टक्के असते. त्यामुळे काही जुने प्लेअर तिला दोन थरांची डिस्क समजतात, दुसरा थर शोधत बसतात आणि शेवटी एरर दाखवतात.

सुरुवातीच्या काही डीव्हीडी प्लेअरवर तर वेगळाच प्रकार व्हायचा. सीडी-आरडब्ल्यू चालायची, पण साधी सीडी-आर चालायची नाही. कारण सीडी-आरचं रंगद्रव्य सीडीच्या ७८० नॅनोमीटरच्या लेझरसाठी बनवलेलं होतं. डीव्हीडीच्या ६५० नॅनोमीटरच्या लेझरला ते पुरेसा प्रकाश परत देत नव्हतं. पुढे कंपन्यांनी प्लेअरमध्ये दोन्ही लेझर बसवले आणि प्रश्न सुटला.

प्लस, डॅश आणि रॅम

डीव्हीडीवर पुन्हा पुन्हा लिहिण्याचा एकच प्रकार ठरला असता तर ग्राहकांची डोकेदुखी वाचली असती. तसं झालं नाही. पायोनियरने विकसित केलेल्या डीव्हीडी-आरडब्ल्यूला डीव्हीडी फोरमची मान्यता होती. फिलिप्स, सोनी, एचपी अशा कंपन्यांच्या गटाने वेगळी डीव्हीडी+आरडब्ल्यू आणली. त्याशिवाय डीव्हीडी-रॅम होतीच. ती तब्बल १,००,००० वेळा लिहिता येते, पण घरगुती प्लेअरपैकी मोजकेच ती वाचतात.

पुढे प्लस आणि डॅश दोन्ही लिहिणारे ड्राइव्ह आले आणि कॉम्प्युटरपुरता हा घोळ मिटला. प्लेअरसाठी मात्र आजही त्याच्यावर छापलेले लोगो पाहणं हाच खात्रीचा मार्ग आहे. 'डीव्हीडी' एवढंच लिहिलेलं असेल, तर आरडब्ल्यू चालेलच असं नाही.

डिस्क बरोबर, पण लिहिण्याची पद्धत चुकली

विंडोजमध्ये कोरी डिस्क टाकली की दोन पर्याय येतात. एक, डिस्क यूएसबी पेन ड्राइव्हसारखी वापरायची. दुसरा, सीडी किंवा डीव्हीडी प्लेअरसाठी वापरायची. पहिल्या पर्यायात फाइल टाकणं आणि काढणं सोपं असतं. पण अशी डिस्क कॉम्प्युटरसाठी ठीक, साध्या प्लेअरला ती सहसा वाचता येत नाही. प्लेअरवर लावायची असेल तर दुसराच पर्याय निवडावा लागतो.

त्यातही फाइलचा प्रकार महत्त्वाचा. एमपी४ फाइल नुसती कॉपी केली म्हणून डीव्हीडी व्हिडिओ तयार होत नाही. त्यासाठी डीव्हीडी बनवणारं सॉफ्टवेअर लागतं. गाण्यांचंही तसंच. एमपी३ फाइल भरलेली सीडी फक्त एमपी३ ओळखणाऱ्या प्लेअरवर वाजते. बाकीच्यांसाठी 'ऑडिओ सीडी' तयार करावी लागते आणि तिच्यात साधारण ८० मिनिटांचीच गाणी मावतात.

'रिकामी' दिसणारी हँडीकॅमची डिस्क

एकेकाळी लहान, ८ सेंटीमीटरच्या डिस्कवर शूटिंग करणारे हँडीकॅम मिळायचे. त्या डिस्कच्या बाबतीत सर्वाधिक सावध राहायला हवं. शूटिंग झाल्यावर डिस्क 'फायनलाइज' करावी लागते. म्हणजे त्यावर काय आणि कुठे आहे, याची इतर यंत्रांना कळेल अशी अनुक्रमणिका लिहिली जाते. ही पायरी राहून गेली असेल तर शूटिंग डिस्कवर असूनही दुसऱ्या प्लेअरला किंवा कॉम्प्युटरला ती कोरी वाटू शकते.

अशा वेळी फॉरमॅटला होकार देऊ नका. तोच हँडीकॅम किंवा त्याच कंपनीचं तसंच मॉडेल मिळालं, तर त्यावर डिस्क फायनलाइज करता येते. ते शक्य नसेल तर डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडे जा आणि तोपर्यंत डिस्कवर काहीही लिहू नका.

आणखी एक गोष्ट. ज्या ड्राइव्हमध्ये ट्रे नसतो, नुसती फट असते, त्यात ही लहान डिस्क घालू नका. ती आत अडकू शकते.

आता काय करायचं?

नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क ड्राइव्ह जवळपास नसतोच. यूएसबीला जोडायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह घेतला तर सीडी आणि डीव्हीडी दोन्हींचं काम होतं. ब्लू-रे डिस्क मात्र त्यात चालत नाही, तिला वेगळा ड्राइव्ह लागतो.

विंडोज ८ पासून विंडोजमध्ये डीव्हीडी व्हिडिओ चालवण्याची सोय आपोआप येत नाही. त्यासाठी व्हीएलसीसारखा मोफत प्लेअर पुरतो. घरच्या शूटिंगच्या डीव्हीडीवर 'व्हिडिओ टीएस' नावाचा फोल्डर असतो. तो अख्खा हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि व्हीएलसीमध्ये उघडून शेवटपर्यंत पाहा. आणखी एक प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर किंवा क्लाउडवर ठेवा.

एका ड्राइव्हवर डिस्क चालली नाही, तर दुसऱ्या ड्राइव्हवर लावून बघा. कमी चमकेच्या डिस्क वाचण्यात ड्राइव्हगणिक फरक पडतो. आणि प्रत तपासून होईपर्यंत मूळ डिस्क पुसू नका. आरडब्ल्यूवर पुन्हा लिहिता येतं ही तिची सोय आहे, पण जुन्या आठवणींसाठी तोच तिचा सगळ्यात मोठा धोकाही आहे.