चाबुकस्वार छत्रे

भारतीय सर्कशीचा इतिहास इंग्रजीत वाचायला घेतला की सुरुवातीलाच, विष्णुपंत छत्र्यांचे धनी म्हणून, ‘कुर्डुवाडीचे राजे’ भेटतात. परंडा-बार्शी-येडशीकडच्या माणसाला हसू आवरणार नाही. कुर्डुवाडीला राजा कधीच नव्हता. विष्णुपंत छत्र्यांच्या उमेदीत तिथे होते ते ‘बार्शी रोड’ नावाचे स्टेशन, आणि बार्शीची छोटी गाडी सुरू व्हायला १८९७ साल उजाडायचे होते. राजे होते ते कुरुंदवाडचे, पटवर्धन. नृसिंहवाडीच्या पलीकडे, कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे हे संस्थान. कुणा एकाने नाव चुकवले आणि मागून आलेल्यांनी ते जसेच्या तसे उतरवून घेतले.

चूक क्षुल्लक खरी, पण तिच्यापायी विष्णुपंत ज्या पागेत वावरले ती पागाच हिशेबातून गळते. मग उरतात ते ‘भारतीय सर्कशीचे जनक’, म्हणजे तंबूचे मालक. विष्णुपंत मोरेश्वर छत्रे हे आधी चाबुकस्वार होते. घोडा घडवणे हा त्यांचा धंदा आणि सर्कस ही त्या धंद्याला सापडलेली नवी बाजारपेठ, असे मला वाटते.

पेशवाई १८१८ मध्ये बुडाली, पण सरदारांच्या पागा काही एका रात्रीत मोडल्या नाहीत. पटवर्धनांचा सरंजाम मुळात फौजेसाठी दिलेला. स्वार बाळगायचे आणि हाक आली की घेऊन निघायचे. इंग्रजी अमलात स्वारांची गरज सरली आणि त्यांच्या जागी रोकड भरण्याची व्यवस्था आली. मोहिमा थांबल्या तरी ठाणावर घोडे होते, खरारा करणारे मोतद्दार होते, चंदीचा खर्च चालू होता. घोडा शिकवणाऱ्याची विद्याही शाबूत होती. ती आता दसऱ्याच्या स्वारीत आणि पाहुण्या साहेबापुढच्या खेळांत कामी येऊ लागली. आपल्याकडे, निजामाच्या मुलखात, परिस्थिती निराळी होती. मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. तिथल्या स्वाराला पगार मिळत होता. तंबू ठोकून लोकांना जमवण्याची निकड त्याला भासली नसावी. सर्कस सांगलीकडे जन्मली, मराठवाड्यात नाही, याचे एक कारण मला इथे दिसते.

विष्णुपंत मूळचे सांगलीकडच्या अंकलखोपचे. तरुणपणी ते ग्वाल्हेरला गेले. अश्वविद्येतले त्यांचे गुरू म्हणून बाबासाहेब आपट्यांचे नाव घेतले जाते. तिथेच त्यांना गाण्याचाही नाद लागला आणि ख्यालगायकीतले मातब्बर हद्दू खाँ यांची तालीम मिळाली. शिंद्यांच्या ग्वाल्हेरीत पागा आणि मैफल या दोन्ही गोष्टी ऐन भरात होत्या. पुढे ते कुरुंदवाडच्या पागेवर आले.

१८७९ च्या सुमारास चियारिनी या इटालियनाची सर्कस मुंबईत आली. पुढची कथा अनेकांनी रंगवून सांगितली आहे. सहा महिन्यांत आपल्यासारखी घोड्यांची कामे करून दाखवणाऱ्या हिंदी माणसाला हजार रुपये आणि एक घोडा देऊ, असे चियारिनीने जाहीर केले म्हणे. विष्णुपंतांनी तीनच महिन्यांत खेळ उभा केला म्हणे. बोली नेमकी काय होती हा भाग सोडून देऊ. पण एरवी अशक्य वाटणारी ती तीन महिन्यांची मुदत मला पटते. तयार घोडे, तयार माणसे आणि आयुष्यभराचा हात असल्यावर नव्याने शिकायचे ते फारसे उरत नाही. शिकायचे होते ते रिंगणात मावणे.

सर्कशीचे रिंगण साधारण ४२ फूट व्यासाचे असते. लंडनच्या फिलिप अ‍ॅस्टलेने १७६८ पासून वर्तुळात घोडे पळवून खेळ सुरू केले, आणि पुढे हे माप ठरून गेले. वाघ-सिंह नंतर आले. सर्कस मुळात घोड्यासाठी आखलेली. एवढ्या वर्तुळात घोडा एका लयीत दौडला की तो आतल्या बाजूला कलतो आणि पाठीवर उभा राहिलेला माणूसही त्याच्यासोबत कलून तोल धरतो. रिंगण फार लहान केले तर घोड्याचे पाय अडखळतात, फार मोठे केले तर तोलाला मिळणारी मदत जाते. रणांगणातला घोडा सरळ रेषेत भरधाव सुटण्यासाठी घडवलेला असतो. इथे त्याची चाल आवळायची असते, ती कदमापर्यंत उतरू न देता.

हे काम लांब दोरीवर होते. शिकवणारा मध्ये उभा, घोडा भोवती. चाबूक मारायचा नसतो. तो घोड्याच्या मागे धरला की घोडा पुढे सरतो, खांद्यासमोर आणला की मंदावतो. वेग ठरला की रोज तोच. पाठीवर माणूस उडी घेतो त्या क्षणी घोड्याने बिचकून अर्धे पाऊल वाढवले तर खाली उतरणारा पाय हवेतच राहतो. म्हणून अशा कामाला चपळ आणि देखणा घोडा नको असतो. रुंद पाठीचा, थंड डोक्याचा हवा असतो. पाय घसरू नये म्हणून त्याच्या पाठीवर राळ चोळतात. ढोल, टाळ्या, दिवे यांची सवय वेगळी लावावी लागते. प्रेक्षक टाळी वाजवतो ती वरच्या माणसाला. खालचा जो जराही चुकत नाही, त्याच्यामागच्या महिन्यांच्या घोटणीकडे कुणाचे लक्ष नसते.

छत्र्यांची ग्रँड इंडियन सर्कस देशभर हिंडली, समुद्रापलीकडेही गेली. १८८७ च्या सुमारास ती केरळात तेल्लीचेरीला पोचली. तिथे व्यायामशिक्षक कीलेरी कुन्हीकण्णन यांची गाठ पडली आणि त्यांनी सर्कशीसाठी मुले तयार करायचे मनावर घेतले. त्या तालमीतून झोपाळ्यावरचे आणि कसरतीचे कलावंत पिढ्यान्‌पिढ्या निघाले. भारतीय सर्कशीचे हे सगळ्यात मोठे वळण, आणि ते घोड्यापासून दूर नेणारे होते. घोड्याला पागा लागते, चंदी लागते, रेल्वेचे वेगळे डबे लागतात. कसरतपटूला दोन वेळचे जेवण आणि एक पेटी पुरते. मराठी मुलखातही देवल, कार्लेकर अशा सर्कशी निघाल्या. पण लोकांच्या तोंडी नावे राहिली ती वाघ-सिंहवाल्यांची. पुण्याचे दामू धोत्रे अमेरिकेच्या रिंगलिंग सर्कशीपर्यंत पोचले, ते हिंस्र श्वापदांच्या जोरावर. यात धोत्र्यांचा दोष नाही, वाघ दिसतोच तसा.

विष्णुपंतांचा दुसरा मोठेपणा गवयांच्या दुनियेत जास्त सांगितला जातो. हद्दू खाँचे चिरंजीव रहमत खाँ भावाच्या मृत्यूनंतर अफूच्या नादी लागून काशीत भटकत होते. विष्णुपंतांनी त्यांना शोधून आपल्याकडे आणले, सर्कशीबरोबर हिंडवले, गावोगाव त्यांचे गाणे ठेवले. या लहरी गवयाला त्यांनी ज्या सबुरीने सांभाळले त्यात मला पागेतला हात दिसतो. गायनाच्या अभ्यासकांना ही तुलना रुचणार नाही, पण माझा इलाज नाही. विष्णुपंतांमागे त्यांचे धाकटे बंधू काशिनाथपंतांनी खाँसाहेबांना कुरुंदवाडला सांभाळले. तिथेच १९२२ मध्ये, ‘भूगंधर्व’ म्हणून ओळखले गेलेले, खाँसाहेब वारले. अखेरच्या काळात झालेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकायला मिळतात.

१९९८ मध्ये केंद्र सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी घातली. त्या यादीत घोडा नव्हता, तरी सर्कशीतला घोड्याचा मान त्याच्या कितीतरी आधीच गेला होता. शिकवलेला घोडा आता पाहायचा तर वरातीत पाहावा. आपल्या भागात हलगी-ताशाच्या ठेक्यावर पाय उचलणारा, मागच्या पायांवर उभा राहणारा घोडा नवरदेवाइतकाच भाव खातो. ते घोडे माळेगावच्या किंवा सारंगखेड्याच्या यात्रेतून येतात. गिऱ्हाईक दात पाहतो, भोवरे मोजतो, चाल फिरवून घेतो, नाचवून दाखवायला सांगतो. विकणारा रंग सांगतो, जात सांगतो, आई-बाप सांगतो. नाच कुणी शिकवला, हे मात्र आपणहून विचारावे लागते.