कुलपाच्या जोडीला

उन्हाळ्यात माहेरी गेले, तरी माझा अर्धा जीव वर्ध्याच्या घरातच! म्हणून यंदा वायरलेस अलार्म बसवायचं ठरवलं. दुकानदार म्हणाला, "ताई, हालचाल टिपणारा सेन्सर घ्या." पण तो अंगाच्या उष्णतेवरून माणूस ओळखतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. बंद खोलीच अंगाइतकी तापली, तर त्याला चोर नीट कळणार कसा? मग दारं-खिडक्यांना चुंबकाचे सेन्सर लावले. दार उघडलं, की चुंबक दूर होतो नि भोंगा वाजतो. वीज गेली तरी चालावा म्हणून बॅटरीही बघून घेतली. मैत्रिणींनो, एक किल्ली मात्र शेजारच्या काकूंकडे ठेवलीय. भोंगा ऐकून धावून येणारं माणूस हवंच ना!