तान्ह्या बाळाचे लंगोट : निवड, धुलाई आणि निगा

मराठी घरात लेक बाळंत झाली की नातलग बाळंतविडा घेऊन येतात. डिंकाचे लाडू, बाळंतिणीसाठी खण, बाळासाठी झबली, टोपडी, कुंची, दुपटी आणि त्यांच्या तळाशी मऊ कापडाच्या लंगोटांची चळत, असे त्याचे रूप असे. हैदराबादेतील सुलतान बाजार, काचीगुडा या भागांत पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य असलेल्या मराठी कुटुंबांतही ही रीत चालत आली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबाद राज्यातून वेगळे झाले. सोयरिकी मात्र तुटल्या नाहीत. नांदेड, देगलूर, उदगीरकडील अनेक लेकी आजही त्या शहरात नांदतात.

बाळंतविड्यातील लंगोटांची चळत मात्र अलीकडे नाहीशी होत चालली आहे. तिची जागा विकतच्या, एकदा वापरून टाकून द्यावयाच्या डायपरने घेतली. तथापि खर्चामुळे म्हणा, बाळाच्या अंगावर उठलेल्या पुरळामुळे म्हणा, पुन्हा कापडाकडे वळणाऱ्या नवमाताही थोड्या नाहीत. त्यांची अडचण वेगळीच असते. लंगोट कसा धुवावा, किती असावेत, कोठे वाळवावेत, ही घरातील वडीलधाऱ्या बायकांची माहिती मधल्या पिढीत पुसट झाली आहे. शिवाय जुन्या माहितीत काही गोष्टी घातकही होत्या. म्हणून या साध्या वाटणाऱ्या विषयाचा थोडा तपशिलाने विचार करणे आवश्यक आहे.

लंगोट काय सांगतो

कापडी लंगोटाचा सर्वांत मोठा गुण बचतीचा नव्हे. तो ओला झाला की लगेच कळतो, आणि त्यावर काय पडले ते दिसते. अंगावर पिणाऱ्या बाळाला दूध पुरते की नाही, हा प्रत्येक नव्या आईला छळणारा प्रश्न. त्याचे उत्तर लंगोट मोजून मिळते. पहिल्या दोन-तीन दिवसांत लघवी थोडी असते. पाचव्या दिवसापासून मात्र चोवीस तासांत निदान सहा लंगोट चांगले भिजले पाहिजेत. तेवढे भिजत असतील आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरेसे आहे असे समजावे व शेजारणींच्या सल्ल्याने वरच्या दुधाची बाटली आणू नये. याउलट पाचव्या दिवसानंतर लंगोट कोरडे राहत असतील, बाळ सुस्त असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. विकतच्या डायपरमधील लगदा पाणी शोषून जेलीसारखा होतो. त्यामुळे बाळाने दोनदा लघवी केली की पाच वेळा, हे नवख्या आईला सहसा समजत नाही.

रंगांकडेही लक्ष द्यावे. पहिल्या एक-दोन दिवसांची शी काळपट हिरवी व चिकट असते. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत ती मोहरीसारखी पिवळी होते. सुरुवातीला लंगोटावर विटकरी रंगाचा डाग दिसला तर तो लघवीतील क्षारांचा असतो. मुलीच्या लंगोटावर पहिल्या आठवड्यात रक्ताचा अगदी किंचित ठिपका दिसू शकतो. या दोन्ही गोष्टींनी घाबरण्याचे कारण नाही. विटकरी डाग पाचव्या दिवसानंतरही पडत राहिला, तर मात्र दूध कमी पडत असण्याचा संभव असतो.

एक खूण मात्र कोणत्याही आईने विसरू नये. तान्ह्या बाळाची लघवी जवळजवळ पाण्यासारखी असते, तिचा डाग कापडावर राहत नाही. लघवीने पांढरा लंगोट पिवळा होऊ लागला, शी पांढुरकी किंवा शाडूच्या मातीसारखी फिकी होऊ लागली आणि कावीळ दोन आठवड्यांनंतरही उतरली नाही, तर यकृतातून पित्त वाहून नेणारी नलिका बंद असण्याची शक्यता असते. जपानमधील शल्यचिकित्सक मोरिओ कासाई यांनी १९५५ मध्ये यावर शस्त्रक्रिया प्रथम केली. ती जन्मापासून साठ दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता अधिक; उशीर होईल तसे यकृत कठीण होत जाते. ‘उन्हात धरा, कावीळ जाईल’ असे म्हणत घरात काढलेला प्रत्येक आठवडा या बाळाला महागात पडतो. प्रसूतीनंतर आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. तिला बाळाबरोबर वापरलेला लंगोटही दाखवावा. त्यात संकोच करू नये.

कापड आणि पेटीतील धोका

लंगोटासाठी सुती, सैल विणीचे आणि पुष्कळदा धुतलेले कापड उत्तम. म्हणूनच आजीचे जुने लुगडे किंवा आजोबांचे धोतर ही पहिली पसंती असे, व ती योग्यच होती. नारायणपेठी किंवा इरकली लुगडे असेल तर काठपदर कापून टाकावेत. ते जाड असल्याने मांडीला काचतात. रंग जाणारे कापड घेऊ नये. सुमारे ६० सेंटीमीटरचा चौकोन तिकोनी घडी घालून बांधता येतो. घडी नाळेच्या खाली राहील असे पाहावे, म्हणजे नाळ कोरडी राहते व लवकर गळते. नाळेला राख, शेण, हळद असे काहीही लावू नये. भारतातून माता व नवजात बालकांचा धनुर्वात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून दूर झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले, ते अशा सवयी सुटल्यामुळेही.

लंगोट बांधताना बाळाचे पाय सरळ करून एकमेकांना घट्ट जखडू नयेत. बेडकासारखे दुमडलेले, फाकलेले पाय हीच तान्ह्या बाळाची नैसर्गिक ठेवण होय. ते ताणून गुंडाळल्यास खुब्याचा सांधा निखळण्याचा धोका वाढतो.

थोरल्या भावंडाचे लंगोट ट्रंकेत जपून ठेवण्याची आणि कसर लागू नये म्हणून त्यांत डांबराच्या गोळ्या टाकण्याची पद्धत अनेक घरांत आहे. धाकट्याच्या जन्मानंतर ते कपडे तसेच बाहेर काढून वापरले जातात. ही सवय प्राणघातक ठरू शकते. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचे एक विकर जन्मतः कमी असते. मुलग्यांत हे प्रमाण अधिक. अशा बाळाच्या अंगात त्या गोळ्यांतील नॅफ्थलिन कपड्यांवाटे किंवा श्वासावाटे गेले तर तांबड्या रक्तपेशी फुटतात, लघवी गडद होते आणि कावीळ झपाट्याने वाढून मेंदूपर्यंत पोहोचू शकते. आपल्या बाळात हा दोष आहे किंवा नाही, हे बहुतेक आईबापांना ठाऊक नसते. सबब बाळाच्या कपड्यांत या गोळ्या ठेवूच नयेत. कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा. गोळ्यांचा वास लागलेले कपडे तान्ह्या बाळाला न वापरणेच बरे.

असाच एक धडा इंग्लंडमध्ये १८८६ मध्ये मिळाला होता. कपड्यांवर ओळखीचा शिक्का मारण्याच्या शाईतील रंगद्रव्य त्वचेतून शिरल्याने तेथे नवजात बालके निळी पडली होती. बाळाची कातडी पातळ असते. तिला लागलेले पुष्कळ काही रक्तात उतरते.

धुलाई

‘तान्ह्या बाळाची शी घाण नसते’ हा समज शहरात आणि खेड्यात सारखाच आढळतो. तो चुकीचा आहे. बाळाच्या विष्ठेतूनही हगवणीचे जंतू व विषाणू पसरतात. हैदराबादचेच उदाहरण घ्यावे. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त झाल्याचे घोषित झाले होते. तरीही जून २०१६ मध्ये त्या शहरातील सांडपाण्याच्या नमुन्यात लसीतील विषाणूपासून बदललेला, दुसऱ्या प्रकारचा पोलिओ विषाणू सापडला. एकही मूल पांगळे झाले नव्हते; तरी शासनाने हैदराबाद व रंगारेड्डी भागातील सुमारे तीन लाख बालकांना इंजेक्शनची लस देण्याची मोहीम तातडीने हाती घेतली. पोटात विषाणू असलेली मुले वरवर निरोगी दिसतात आणि त्यांच्या विष्ठेतून तो विषाणू सांडपाण्यात जातो. म्हणून भरलेला लंगोट अंगणात किंवा उघड्या गटारात झटकू नये. शी शौचालयात टाकावी, लंगोट थंड पाण्याने खळबळून काढावा आणि मग साबणाच्या पाण्यात घालावा. पिण्याच्या पाण्याच्या हौदाजवळ हे काम करू नये. त्यानंतर हात साबणाने धुतल्याखेरीज बाळाला पाजावयास घेऊ नये.

पुष्कळ घरांत लंगोट रोज धुतले जातात, तरीही दोन महिन्यांत ते पापडासारखे कडक होतात. दोष धुणारीचा नसतो, पाण्याचा असतो. हैदराबाद शहर ग्रॅनाइटच्या खडकावर वसलेले आहे आणि तेथील विंधन विहिरींचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. मराठवाड्यातील अनेक गावांचीही हीच स्थिती आहे. जड पाण्यातील चुन्याचे क्षार साबणाशी मिळून एक चिकट साका तयार करतात. तो धाग्यांत बसतो, कापड पाणी शोषेनासे होते आणि कातडीला घासते. यावर उपाय सोपा आहे. बादलीभर पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा आधी विरघळवून घ्यावा, मग साबण घालावा, आणि शेवटचे खळबळणे नळाच्या किंवा पावसाच्या पाण्याने करावे. हैदराबादच्या नळाला मांजरा, कृष्णा व गोदावरी या नद्यांचे पाणी येते. (मांजरा उगम पावते ती आपल्या बीड जिल्ह्यात.) नळ एक दिवसाआड येत असेल, तर त्यातील एक बादली या शेवटच्या पाण्यासाठी राखून ठेवावी. साबण किंवा सोड्याचा अंश कापडात उरू देऊ नये. जंतुनाशक द्रव, सुवासिक द्रव, निळ यांची गरज नाही. टाकणखाराच्या पाण्यातून लंगोट काढण्याची जुनी रीत तर सोडूनच द्यावी. त्याने बाळांना विषबाधा झाल्याची उदाहरणे वैद्यकात नमूद आहेत.

वाळवणे

लंगोटाला ऊन हवे. बाळाचे कपडे दृष्ट लागेल म्हणून आतल्या अंधाऱ्या खोलीत दोरीवर टाकले जातात. तेथे ते दमट राहतात आणि दमट कापडात बुरशी धरते. तिन्हीसांजेपूर्वी बाळाचे कपडे आत घ्यावेत, या वृद्धांच्या सांगण्यात मात्र तथ्य आहे. दवाने वाळलेले कापड पुन्हा ओलसर होते.

खरी परीक्षा पावसाळ्यात असते. पहिल्या महिन्यात बाळ दिवसात पंधरा-वीस वेळाही लंगोट ओला करते. एरव्ही तीन डझन लंगोट पुरतात, पावसाळ्यात चार डझन हाताशी असावेत. शेगडीवर टोपली पालथी घालून तीवर लंगोट वाळविण्याची पद्धत सुरक्षित नाही. बंद खोलीत निखाऱ्यांतून निघणारा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. बाळ आणि बाळंतीण झोपेतच गुदमरण्याची भीती असते. पंख्याखाली अर्धवट वाळवून वरून गरम इस्त्री फिरविणे अधिक बरे.

हे काम कोणाचे

जुन्या काळी बाळंतीण सव्वा महिना खोलीबाहेर पडत नसे. लंगोट धुण्यास मोलाची बाई किंवा घरातील एखादी विधवा आत्या असे. त्यांच्या कष्टांची मोजदाद कोणी केली नाही. आज शहरातील दोन खोल्यांच्या घरात तशी कोणी नसते आणि बादली बाळंतिणीच्याच हाती येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीनुसार तेलंगणात शंभरातील साठाहून अधिक प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या. पोटावर टाके असलेल्या स्त्रीने ओल्या कपड्यांची बादली उचलून गच्चीवर नेणे हे तिच्या प्रकृतीस अपायकारक आहे. निदान सहा आठवडे तिने जड वजन उचलू नये. लंगोट धुण्यासाठी पुरुषाचे हात चालतात. पहिल्या दीड महिन्यात तरी बाळाच्या वडिलांनी हे काम आपल्याकडे घ्यावे. ते जमणार नसेल, तर आईने कापडाचा हट्ट धरून स्वतःची आबाळ करून घेऊ नये. दिवसा लंगोट व रात्री डायपर असा मध्यम मार्ग स्वीकारण्यात कमीपणा नाही.

पुरळ उठल्यास

लंगोटाच्या जागी कातडी लाल होण्याचे कारण लघवीतील अमोनिया, असे १९२१ पासून मानले जात होते. पुढील संशोधनाने त्यात सुधारणा केली. ओलावा, घर्षण आणि कातडीवर बराच वेळ राहिलेली शी यांचा हा एकत्रित परिणाम असतो. त्यामुळे लंगोट ओला होताच बदलणे, कोमट पाण्याने पुसून टिपून कोरडे करणे आणि दिवसातून काही वेळ बाळाला उघडे ठेवणे, एवढ्याने बहुतेक पुरळ बरे होते. लंगोटावरून प्लॅस्टिकची चड्डी घालू नये. पावडरचा धुरळा श्वासात जातो, म्हणून तीही टाळावी. जांघेच्या घड्यांत लालभडक चट्टे आणि भोवती बारीक ठिपके दिसले तर ती बुरशी असते. तेव्हा लंगोट उकळत्या पाण्यातून काढावेत व डॉक्टरांचे औषध घ्यावे. दुकानातून परस्पर आणलेल्या मलमात स्टेरॉइड असू शकते. ते बाळाच्या नाजूक कातडीस लावू नये.

टाकाऊ डायपर

इंग्लंडच्या पर्यावरण यंत्रणेने २००८ मध्ये दोन्ही प्रकारांची तुलना प्रसिद्ध केली. अडीच वर्षांच्या वापरात टाकाऊ डायपरमुळे सुमारे ५५० किलो व कापडामुळे सुमारे ५७० किलो कार्बन वायू हवेत जातो, म्हणजे फरक जवळजवळ नाही, असे तिला आढळले. पण तेथे कपडे गरम पाण्याने यंत्रात धुऊन विजेवर वाळविले जातात. उन्हात वाळविलेल्या व धाकट्या भावंडालाही वापरलेल्या लंगोटाचा हिशेब पुष्कळ कमी येतो, हेही त्याच अहवालात नमूद आहे. दख्खनच्या उन्हाला वीजबिल येत नाही.

डायपर वापरलाच, तर त्याची विल्हेवाट नीट लावावी. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वापरलेल्या डायपरची गणना स्वच्छताविषयक कचऱ्यात केली आणि तो वेगळा गुंडाळून देण्याचे बंधन घातले. आतील शी आधी शौचालयात टाकावी, डायपर कागदात घट्ट गुंडाळावा, आणि गोळा करणाऱ्या कामगाराला ओळखू येईल अशी खूण करून द्यावा. कचरा हाताने निवडणाऱ्या माणसाच्या बोटांना ती घाण लागू नये, एवढाच याचा अर्थ. खेड्यात तो जाळू नये किंवा विहिरीच्या बाजूला फेकू नये.

सव्वा महिना उलटल्यावर लेक सासरी परत निघते. देवगिरी एक्स्प्रेसने नांदेडहून हैदराबादकडे किंवा उलट निघालेल्या मातेने प्रवासापुरते डायपर जवळ ठेवावेत, ते तीन-चार तासांनी बदलावेत, आणि वापरलेले डायपर गाडीच्या शौचालयात किंवा खिडकीबाहेर न टाकता पिशवीत बांधून उतरल्यावर कचरापेटीत टाकावेत. सोबत चार कोरडे लंगोट आणि एक मेणकापडही असू द्यावे.